मास्टर नवा, स्लेव्ह नवा, तरी रिव्हर्सला कर्रर्र

वाचकाचं पत्र:

नमस्कार. माझ्याकडे २००४ ची डिझेल क्वालिस आहे. राहायला नाशिकला, इंदिरानगरला. मागच्या महिन्यात त्र्यंबकहून येताना क्लचचं पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. गाडी टो करून आणली. ओळखीच्या मेकॅनिकने पेडलने ऑईल ढकलणारा वरचा मास्टर सिलिंडर आणि त्या ऑईलच्या दाबाने क्लच सोडवणारा खालचा स्लेव्ह, दोन्ही नवे टाकले आणि पाइपातली एअर, म्हणजे हवा, काढली. पण पेडल पूर्वीसारखं नाही. सकाळी पहिल्यांदा दाबलं की पोकळ लागतं आणि रिव्हर्स टाकताना कर्रर्र होतं. दोन-तीनदा पंप केलं की गिअर गुपचूप पडतो. मुंबई नाक्याच्या सिग्नलला तर नुसता पंप मारत बसावं लागतं. मेकॅनिकने तीन वेळा एअर काढून पाहिली. आता म्हणतो क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खरंच उतरवावा का? की मी आणि मुलगा मिळून घरीच एअर काढून बघू? आणि पुढच्या आठवड्यात ठाण्याला लग्न आहे, तोवर अशीच चालवली तर चालेल का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. लग्नाला पंचवटी एक्स्प्रेसने जा, कल्याणला उतरा, पुढे लोकल आहेच. ही गाडी घेऊन कसारा घाटात ट्रकच्या मागे अडकलात आणि ऐन उतारावर पेडल पुन्हा तळाला गेलं, तर मागचा कंटेनर तुमच्या लग्नाच्या मुहूर्तासाठी थांबणार नाही. समृद्धी महामार्गाने गेलात तरी टोलनाक्यावर गिअर काढावा लागतो आणि पुन्हा टाकावा लागतो.

आता गिअरबॉक्सचं. इतक्यात उतरवू देऊ नका.

तुमच्या पत्रातलं एकच वाक्य मला पुरेसं आहे: दोन-तीनदा पंप केलं की गिअर गुपचूप पडतो. प्लेट खराब असती तर पंप मारून ती बरी झाली नसती. प्लेट झिजली की क्लच घसरतो, म्हणजे चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलायला मागत नाही. तुमची तक्रार याच्या बरोबर उलटी आहे. तुमचा क्लच पूर्ण सुटत नाही. पेडल दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना चिकटून थोडे फिरतच राहतात. पुढच्या गिअरना सिंक्रोमेश, म्हणजे दोन्हींचा वेग जुळवून घेणारी रचना, असतो, तो हे भांडण झाकून नेतो. जुन्या गाड्यांत बहुधा रिव्हर्सला तो नसतो, म्हणून सगळ्यात आधी बोंब तिथे ऐकू येते. खात्री करायची असेल तर इंजिन चालू ठेवून पेडल तळापर्यंत दाबा, मनात सहा आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. एवढं थांबूनही कर्रर्र झालं तर क्लच सुटत नाही हे नक्की.

पण न सुटण्याची कारणं दोन ठिकाणी असू शकतात: पेडलपासून स्लेव्हपर्यंतच्या ऑईलच्या वाटेत किंवा गिअरबॉक्सच्या आत. दोष यातल्या कुठल्या ठिकाणी आहे हे ओळखायला पाच मिनिटं लागतात आणि एक टॉर्च. गाडी पिटवर घ्या. मुलाला आत बसवा, तुम्ही खाली जा. गिअरबॉक्सच्या बाजूला स्लेव्ह दिसेल. त्यातून एक रॉड बाहेर येतो आणि क्लच सोडवणाऱ्या दांड्याला, म्हणजे फोर्कला, ढकलतो. इंजिन बंद. मुलाला पेडल एकदाच, सावकाश, पूर्ण दाबायला सांगा आणि रॉड किती सरकतो ते बघा. अशा गाड्यांत तो साधारण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर सरकायला हवा. मग त्याला चार वेळा पंप मारून पुन्हा दाबायला सांगा. पहिल्या दाबात रॉड थोडाच सरकला आणि पंप मारल्यावर जास्त सरकला, तर दोष ऑईलच्या वाटेत आहे आणि गिअरबॉक्सचा काही संबंध नाही. पहिल्याच दाबात रॉड पूर्ण सरकतो आणि तरीही गिअर पडत नाही, असं दिसलं तर मात्र मेकॅनिकचं बरोबर. फोर्क, बेअरिंग, प्रेशर प्लेट यांच्यापैकी कुणीतरी गेलंय. हे बघायला मेकॅनिकलाच सोबत घ्या. त्याने तुम्हाला फसवलंय असं मला वाटत नाही. तीन वेळा एअर काढूनही पेडल येत नाही म्हटल्यावर कुणाचंही डोकं पुढच्या पार्टकडे वळतं.

एअर निघत का नाही, ते आता सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे.

मास्टरचा पिस्टन एका दाबात जेमतेम चमचाभर ऑईल पुढे ढकलतो, पाच-सहा मिलिलिटर. ऑईल दाबलं जात नाही, म्हणून तेवढंच ऑईल खाली स्लेव्हला ढकलतं. हवा मात्र दाबली जाते. पाइपात कुठे मिलिलिटरभर हवा राहिली, तर तुमच्या दाबाचा पाचवा-सहावा हिस्सा तो बुडबुडा चेपण्यातच खर्च होतो. क्लचला एवढी तूट चालत नाही. आता नेहमीची पद्धत आठवा. एकजण पेडल दाबतो, दुसरा खाली स्लेव्हवरचं हवा सोडायचं निप्पल उघडतो, ऑईल आणि हवा बाहेर येते, निप्पल बंद, पेडल वर. यात आपण बुडबुड्याला वरून खाली ढकलतो. हवेला जायचं असतं वर. दाबाच्या वेळी बुडबुडा वीतभर खाली येतो, निप्पल बंद करून पेडल उचलेपर्यंत पुन्हा वर चढतो. पाइपाला मधे कुठे उंचवटा असला तर तिथे ठाण मांडून बसतो. जुन्या सिस्टिममध्ये आधीपासून ऑईल भरलेलं असतं, तिथे ही पद्धत चालून जाते. तुमच्याकडे मास्टर कोरडा, स्लेव्ह कोरडा, पाइप रिकामा. एवढी हवा चमच्या-चमच्याने खाली ओढायची म्हणजे उलट्या दिशेने पोहणं.

म्हणून दोन्ही पार्ट नवे टाकल्यावर मी खालून वर ऑईल भरतो. त्याआधी मात्र एक गोष्ट तपासा, ती चुकली तर पुढची सगळी मेहनत पाण्यात. पेडल हाताने, बोटाच्या टोकाने हलकेच ढकला. सुरुवातीचे दोन-चार मिलिमीटर ते मोकळं हलायला हवं, मग मास्टरचा रॉड पिस्टनला टेकल्याचं हाताला कळतं. हा फ्री प्ले. नव्या मास्टरचा रॉड जुन्यापेक्षा केसभर लांब बसला आणि फ्री प्ले संपला, तर पिस्टन पूर्ण मागे येतच नाही. वरच्या ऑईलच्या डबीतून सिलिंडरमध्ये ऑईल उतरायचं बारीक भोक पिस्टनच्या आड झाकलेलं राहतं. मग ना वरून ऑईल नीट येत, ना खालून आलेली हवा डबीत निघून जात. सातपूरला माझं गॅरेज होतं तेव्हा एका गाडीवर मी सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत एअर काढत बसलो होतो. जेवणाचा डबा तसाच. शेवटी हाताखालच्या पोराने डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि म्हणाला, काका, याला प्लेच नाहीये. रॉड जागेवर धरणारा चेकनट सैल करून दोन आटे फिरवले, काम वीस मिनिटांत संपलं. त्या दिवसापासून मी आधी डॅशखाली बघतो, मग गाडीखाली.

आता सामान. डबीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच ब्रेक ऑईल, डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद बाटलीतलं. अर्धी राहिलेली, वर्षभर फळीवर पडलेली बाटली नको. हे ऑईल हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला तर हवाच ओली असते. कोरड्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शिरलेल्याचा १४० पर्यंत उतरलेला चालतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. क्लचमध्ये ब्रेकएवढी उष्णता नसते हे खरं, पण पाण्यामुळे सिलिंडरच्या आतून गंज धरतो आणि नवे रबर त्या गंजावर घासून फाटतात. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं ऑईल वेगळं असतं, ते यात मिसळायचं नाही.

आणि 'ब्रेक ऑईल' या नावाने फसू नका. आपण सगळे ऑईल म्हणतो, पण ते तेल नव्हे. या नावामुळेच कुणीतरी कधीतरी डबीत इंजिन ऑईल किंवा पॉवर स्टीअरिंगचं ऑईल ओततो. तेलाने आतले रबर फुगतात आणि नवा सिलिंडरही आठवडाभरात निकामी होतो. शंका असेल तर डबीतले चार थेंब काचेच्या ग्लासातल्या पाण्यात टाका. ब्रेक ऑईल पाण्यात विरघळून दिसेनासं होतं. वर तवंग आला तर कुणीतरी तेल घातलंय, मग एअर काढण्यात अर्थ नाही, सगळे रबर पुन्हा बदलावे लागतील.

बाकी लागेल ती मेडिकलमधली ५० मिलिलिटरची सिरिंज, निप्पलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी, निप्पलच्या मापाचा रिंग पाना आणि भरपूर चिंध्या. फिक्स पान्याने निप्पलचे कोपरे गोल होतात, तो वापरू नका. बॉनेटच्या कडेला चिंधी अंथरा, कारण हे ऑईल रंग खातं. सांडलंच तर लगेच पाण्याने धुवा. डोळ्यांना चष्मा हवा, कारण तुम्ही निप्पलच्या खाली तोंड करून असणार. पिट नसेल आणि गाडी उचलावी लागली, तर स्टँड लावल्याशिवाय, चाकांना ठोकळे दिल्याशिवाय खाली शिरू नका. नुसत्या जॅकवर कधीच नाही.

स्लेव्हकडे एक नजर टाका. त्याला दोन भोकं असतात, एकात होज, म्हणजे ऑईल आणणारी रबरी नळी, दुसऱ्यात निप्पल. निप्पल वरच्या अंगाला हवं. घाईत स्लेव्ह उलटा बसला, तर निप्पल खाली येतं आणि वरच्या कोपऱ्यात हवेचा कप्पा कायमचा राहतो. तुम्ही बादलीभर ऑईल घातलं तरी तो निघत नाही. होज स्लेव्हला जिथे बोल्टने जोडला असेल, तिथले तांब्याचे वॉशर नवे टाकलेत का हेही विचारा. जुना चेपलेला वॉशर बाहेरून कोरडा दिसतो आणि आतून हवा ओढतो.

आता काम. पाइप जुनाच आहे, त्यात काळा गाळ असणार, तो वर मास्टरमध्ये चढवायचा नाही. म्हणून आधी थोडा वेळ उलट: डबी काठोकाठ भरा, झाकण सैल ठेवा, खाली निप्पल उघडून नळी बाटलीत सोडा आणि दहा-पंधरा मिनिटं आपोआप ठिबकू द्या. डबी रिकामी होऊ द्यायची नाही, मुलाला तेवढंच काम द्या. डबी एकदा कोरडी पडली की पुन्हा पहिल्यापासून. ठिबक स्वच्छ यायला लागली की निप्पल बंद करा आणि वरच्या डबीतलं अर्धं ऑईल सिरिंजने काढून टाका, म्हणजे खालून येणाऱ्याला जागा होईल.

मग सिरिंज नव्या ऑईलने भरा. नळीही भरून घ्या. सिरिंज उभी धरून टिचक्या मारा, इंजेक्शन देताना नर्स मारते तशा, आणि नळीच्या टोकाला थेंब येईपर्यंत हवा काढून टाका. तो थेंब लोंबकळत असतानाच नळी निप्पलवर चढवा. निप्पल पाऊण-एक आटा उघडा आणि सिरिंज हळू दाबा. हळू म्हणजे खरंच हळू, ५० मिलिलिटरला मिनिटभर तरी घ्या. जोरात दाबलं तर मोठा बुडबुडा फुटून त्याचे शंभर बारीक होतात, आणि ते पाइपाच्या भिंतीला चिकटतात. मुलगा वर डबीकडे बघत असेल. थोड्या वेळाने तो ओरडेल, पप्पा, बुडबुडे येतायत. तेच ते तीन वेळा न निघालेले. सिरिंज संपण्याआधी निप्पल बंद करा, वरच्या डबीतली पातळी पुन्हा कमी करा, सिरिंज पुन्हा भरा. दोन-तीन सिरिंजमध्ये डबीत बुडबुडे यायचे थांबतात.

यानंतर पारंपरिक पद्धतीचे आठ-दहा दाब द्या, राहिलेलं झाडून काढायला. इथे आवाजाची शिस्त पाळा. मुलाने 'दाबलं' म्हटल्याशिवाय तुम्ही निप्पल उघडायचं नाही, तुम्ही 'बंद' म्हटल्याशिवाय त्याने पाय उचलायचा नाही. निप्पल उघडं असताना पेडल वर आलं की तिथूनच हवा आत ओढली जाते. बहुतेक घरगुती एअर काढण्या याच एका सेकंदात फसतात, आणि बापलेकांचं भांडणही तिथेच होतं. पेडल तळाला जाऊन तिथेच राहिलं तर घाबरू नका, पायाच्या बोटांनी किंवा हाताने वर उचला. भराभर पंप मारायचा नाही.

एवढं करूनही पहिल्या दाबात किंचित पोकळी वाटली तर एक शेवटची युक्ती आहे. स्लेव्हचे दोन बोल्ट काढा, होज तशीच जोडलेली ठेवा. स्लेव्ह निप्पल वर येईल असा हातात धरा आणि रॉड अंगठ्याने सावकाश आत दाबत न्या, मग सावकाश सोडा. वर डबीत उरलेले बुडबुडे येताना दिसतील. या वेळी पेडलला कुणाचाही पाय लागता कामा नये. स्लेव्ह मोकळा असताना पेडल दाबलं तर पिस्टन बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर येतो, आणि मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. ड्रायव्हरच्या सीटवरून मुलाला उठवून खाली उभा करा.

क्वालिसमध्ये क्लचची डबी वेगळी आहे, हे तुमचं नशीब. हे वाचणाऱ्या ज्यांच्या गाडीत ब्रेक आणि क्लचला एकच डबी आहे, त्यांनी लक्षात ठेवा की क्लचची नळी डबीच्या वरच्या अंगाला जोडलेली असते. क्लच गळला तरी ब्रेकसाठी ऑईल शिल्लक राहावं म्हणून तशी रचना केलेली असते. त्यामुळे डबीत अर्धं ऑईल दिसत असतानाही क्लच हवा ओढत असू शकतो. तिथे पातळी कायम वरच्या खुणेपाशी ठेवा. आणि ज्यांचा स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत, बेअरिंगला धरून बसवलेला असतो, त्यांनी घरी हात घालण्याआधी दोनदा विचार करावा.

समजा, हे सगळं नीट केलं, तरी रॉड पूर्ण सरकत नाही. मग होज पकडा. मुलाला पेडल दाबून धरायला सांगा आणि रबरी होज मुठीत घ्या. वीस वर्षांचं रबर दाबाने फुगतं, ते मुठीत स्पष्ट जाणवतं. तुमच्या पत्रात मास्टर आणि स्लेव्ह बदलल्याचं आहे, होजचा उल्लेख नाही. माझा पहिला संशय हवेवर आहे, दुसरा या होजवर. आणि पेडल दाबून धरलं असताना, गिअरमध्ये उभी असलेली गाडी काही सेकंदांनी हळूच पुढे सरकायला लागली, तर नव्या मास्टरचं आतलं रबर दाब धरत नाहीये. नवा पार्टही कधी कधी खराब निघतो. बिल असेल तर दुकानदाराकडे घेऊन जा.

काढलेलं जुनं ऑईल पाण्याच्या बाटलीत भरून घरात ठेवू नका. दिसायला ते फिकट सरबतासारखं असतं आणि पोटात गेलं तर विष. बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा, लहान मुलं आणि कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवा, आणि गॅरेजवाल्याच्या जुन्या ऑईलच्या ड्रममध्ये टाकायला द्या. गटारात नको, आपल्याकडची गटारं शेवटी गोदावरीलाच मिळतात.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रभर गाडी उभी राहू द्या. सकाळी पेडलला आधी हातही न लावता इंजिन चालू करा, एकदाच दाबा, सहा मोजा, रिव्हर्स टाका. गुपचूप पडला तर मेकॅनिकला फोन करून सांगा, गिअरबॉक्स राहू दे. तो नाराज होणार नाही, क्वालिसचा गिअरबॉक्स उतरवणं त्यालाही काही हौसेचं काम नाही.

पुढचे दोन आठवडे डबीवर लक्ष ठेवा. ब्रेकची पातळी पॅड झिजतील तशी खाली जाते. क्लचचं साधारण उलट असतं: प्लेट झिजते तसा स्लेव्हचा पिस्टन थोडा आत ढकलला जातो आणि डबीतली पातळी उलट किंचित वर येते. म्हणून पातळी खाली गेलेली दिसली तर वरून ओतून मोकळे होऊ नका. टॉर्च घेऊन आधी डॅशखाली मास्टरच्या रॉडपाशी आणि पायाखालच्या मॅटवर ओल दिसते का बघा, मग खाली स्लेव्हचं रबरी टोपण बाजूला करून आत बोट घाला. बोट ओलं निघालं तर गळती सापडली.